खाते काढा

९ सप्टेंबर

प्रिय अण्णा,

फोन केला तर तू नुसतं हं हं म्हणतोस आणि मग वहिनीला विचारतोस, बेबी काय म्हणत होती. त्यापेक्षा पत्र बरं. माझी पन्नाशी उलटली तरी मी बेबीच, आणि तुझा कान गेला तरी हट्ट काही जात नाही. लाव ना एकदाचं ते यंत्र. मामेभाऊ असलास तरी सख्ख्याच्या वर आहेस, म्हणून हक्काने बोलते.

बातमी अशी, की तुझे शब्द आमच्या शाळेत नांदायला आले. या सत्रापासून आमच्याकडे तीच नवी प्रणाली घेतलीय, जिच्या बटणांना तू मराठी शब्द दिलेस. जुनीत काम संपलं की 'निर्गमन करा' असं यायचं. शिपाईमामा मला विचारायचे, बाई, हे गमन कुठे करायचं असतं. आता तिथे सरळ 'बाहेर पडा' लिहिलंय. चित्रकलेच्या सरांना पहिल्या दिवशी वाटलं, मीच त्यांना हाकलतेय. दोन दिवस गाल फुगवून बसले होते.

पण काम सोपं झालं हे खरं. मुलांची सगळी माहिती आता ऑनलाइन असते. हजेरी, गुण, घरचा पत्ता, बसचा थांबा, कोणाला दमा आहे तेसुद्धा. त्यातलं कोणाला काय दिसायचं हे ठरवण्याचं काम मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे दिलंय. वर्गशिक्षिकेला तिचा वर्ग दिसतो, बसच्या ताईंना थांबे दिसतात, पालकाला फक्त आपलं मूल दिसतं, पण त्या मुलाचं सगळं. ज्या पालकांनी मागितली त्यांची खाती कंपनीनेच सत्राआधी भरून दिली होती. एकवीस वर्षं मी दाखले लिहिले आणि शिक्के मारले. आता कुठे महत्त्वाचं काहीतरी हातात आलंय. तुझ्यापाशी कबूल करते, थोडी ऐट आली आहे मला.

काल एक बाई आल्या होत्या. औषधांच्या दुकानात कामाला आहेत, मुलगी चौथीत आमच्याकडे. कार्यालयातली ती डुगडुगणारी खुर्ची माहीत आहे ना तुला, पायाखाली पुठ्ठा घातलेली? तिच्यावर अगदी टोकाला बसल्या. पिशवीतून कोर्टाचा कागद काढला. मुलीचा ताबा आईकडे, वडिलांनी भेटायचं नाही. नवरा कसा आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, मनगटावरचा डाग दिसत होता. घर बदललंय. नवा पत्ता फक्त शाळेला दिलाय. म्हणाल्या, "ह्यांना तुमच्या त्या ऑनलाइनमध्ये काही दिसणार नाही ना?"

मी मुलीचं पान उघडलं. पालक म्हणून दोघांची नावं होती. वडिलांच्या नावासमोरच तुझं बटण होतं, 'खाते काढा'. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला, म्हटलं, बघा, तुमच्यासमोरच करते. दाबलं. त्याने विचारलं, 'हे खाते नक्की काढायचे?' मी 'हो' केलं. 'खाते काढण्यात आले आहे' असं आलं. मी म्हटलं, काढलं बाई, आता निर्धास्त राहा. त्या पाणी प्यायल्या आणि पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या. मला एकवीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की मी कोणाच्या तरी उपयोगी पडले.

वहिनीला सांग, लोकर मिळाली. रंग छान आहे.

तुझी,
बेबी


१६ सप्टेंबर

प्रिय बेबी,

पत्र वाचून वहिनीलाही मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने म्हणजे किती ते शेजाऱ्यांना विचार.

चित्रकलेच्या सरांना माझा नमस्कार सांग. चाळीस वर्षं मी वर्गात मराठी शिकवली, पण माझ्या शब्दाने कोणाचे गाल दोन दिवस फुगल्याचं पहिल्यांदाच ऐकतोय. कंपनीने मला पडदे दाखवले नव्हते. नुसती शब्दांची यादी पाठवली, साडेअकराशे शब्द, एका बाजूला त्यांचे आणि दुसरी बाजू कोरी. माझ्याआधी ज्याने काम केलं होतं त्याने सगळीकडे निर्मिती, निर्गमन आणि प्रमाणीकरण पेरून ठेवलं होतं. मी ठरवलं, बाजारात जाणारी बाई बोलते ते शब्द घालायचे. कंपनीच्या साहेबाने लिहिलं, तुमची भाषा पाण्यासारखी आहे. ती चिठ्ठी वहिनीने देवापाशी ठेवलीय. मी नको म्हटलं, पण फार नेटाने म्हटलं नाही.

त्या बाईंना तू धीर दिलास ते फार बरं केलंस. माणूस कार्यालयात येतो तेव्हा त्याला कागदापेक्षा समोरचा चेहरा हवा असतो.

कानाच्या यंत्राचा विषय पुन्हा काढू नकोस.

तुझा,
अण्णा

ता. क. [यापुढच्या दोन ओळी शाईने गिरवून खोडल्या आहेत.]


११ ऑक्टोबर

अण्णा,

फार वाईट झालंय. कशी सुरुवात करू कळत नाही.

ती चौथीतली मुलगी वडिलांनी नेली. ३ तारखेला, बसच्या थांब्यावरून. आज आठ दिवस झाले, पत्ता नाही.

ते थांब्यावर आधीच उभे होते. बसच्या ताईंनी मुलीला सोडायला नकार दिला तर त्यांनी खिशातून फोन काढला आणि शाळेचं पान उघडून दाखवलं. त्यावर मुलीचा फोटो, खाली 'पालक' म्हणून त्यांचं नाव, नवा पत्ता, थांबा, बसची वेळ. ताई म्हणाल्या, शाळेनेच खातं दिलंय म्हटल्यावर मी कोण अडवणारी. त्यांचंही काय चुकलं?

शाळेनेच खातं दिलं होतं, अण्णा. मी दिलं होतं. प्रणालीत कोणी कधी काय केलं त्याची नोंद राहते. मुख्याध्यापिकाबाईंनी ती छापून माझ्यासमोर ठेवली. ८ सप्टेंबर, अकरा वाजून चाळीस मिनिटं, वडिलांच्या नावाने नवीन खातं, माझ्या लॉगिनवरून. त्याच मिनिटाला त्यांच्या फोनवर परवलीचा शब्द गेला. म्हणजे ती माऊली माझ्यासमोर पाणी पीत होती तेव्हा त्यांचा फोन वाजत होता.

मी कसं केलं हे मलाच माहीत नाही. मला डोळ्यांसमोर दिसतंय, 'खाते काढा' असंच दाबलं होतं. पण नोंद खोटं कशाला बोलेल. शेजारी दुसरं बटण असणार, उघडायचं, आणि माझं बोट तिकडे गेलं असणार. बोलण्याच्या नादात होते मी. पडदा वळवून दाखवण्याची हौस होती ना मला. आता पुन्हा बघावं म्हटलं तर बाईंनी माझे सगळे अधिकार काढून घेतलेत, ते पान मला उघडतच नाही. बरोबरच केलं त्यांनी.

मुलीची आई काल कार्यालयात आली. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल, मारेल, मी मार खायला तयार होते. ती त्याच खुर्चीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही मला दाखवलं होतं." दोनदा म्हणाली. मग उठून गेली.

मला अन्न जात नाही. घरी कोणी मोठ्याने हसलं तरी मला त्यांचा राग येतो. अण्णा, तू शहाणा आहेस, मला सांग, हे कसं झालं असेल? आणि मी काय करू?

तू मागच्या पत्रात ता. क. म्हणून काय लिहून खोडलंस? उजेडात धरून बघितलं, वाचता आलं नाही. मला उगाच वाटत राहतं की त्यात काहीतरी शहाणपणाचं होतं.

बेबी


१९ ऑक्टोबर

प्रिय बेबी,

तुझं पत्र वाचलं. मन सुन्न झालं. मुलगी सुखरूप सापडेल. पोलीस आहेत, कोर्टाचा आदेश आहे, बाप झाला तरी तो पोटच्या पोरीला इजा करणार नाही.

तू स्वतःला फार दोष देऊ नकोस. ही यंत्रं आहेत, त्यांच्यात काय बिघडतं ते कोणाला कळतं? शिवाय वय झालं की नजर फसते. एकदा डोळे तपासून घे. मुख्य म्हणजे, लेखी काही देऊ नकोस. आज तू दोन ओळी लिहून दिल्यास तर उद्या त्याच तुझ्या गळ्याशी येतील. चौकशी होईल तेव्हा होईल. शांत राहा.

ता. क. मध्ये काही नव्हतं. वहिनीच्या लोकरीबद्दल होतं.

अण्णा


१८ नोव्हेंबर

प्रिय अण्णा,

मुलगी सापडली. सतरा दिवसांनी, दुसऱ्या शहरातल्या एका लॉजच्या खोलीत. अंगावर काही इजा नाही असं डॉक्टर म्हणाले. बाप दिवसभर खोलीला बाहेरून कुलूप लावून जात होता. आता तो कोठडीत आहे.

तुला कळवायला उशीर झाला, कारण मधे मी तुझं ऐकलं नाही. लेखी दिलं. 'माझ्याकडून नजरचुकीने चुकीचे बटण दाबले गेले' असं लिहून सही केली. तुझा सल्ला माझ्या भल्याचा होता, पण न लिहिता मला श्वास घेता येईना. लिहिल्यावरही फारसा घेता येत नाही म्हणा. त्याआधी डोळे तपासले. तू म्हणालास ते खरं निघालं, नंबर थोडा वाढला होता. नवा चष्मा घेतलाय. ज्याच्या-त्याच्यापुढे सांगत फिरते की माझ्या मामेभावाने दुरून ओळखलं.

कंपनीचा माणूसही येऊन गेला. मला आत बोलावलं नाही. तो पडदा मराठीत नाही, त्याच्या भाषेत बघतो. म्हणाला, प्रणालीत दोष नाही, बटण स्पष्ट आहे, दाबणाऱ्याने लक्ष द्यायला हवं होतं. बाईंनी मला भांडारात बसवलंय. खडू, वह्या आणि तुटलेली बाकं यांची यादी करते. तिथे कोणाचं काही बिघडवायला वाव नाही. पुढच्या सत्रात ठेवतील की नाही, ते चौकशी संपल्यावर कळेल.

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आई आली तेव्हा कोऱ्या दाखल्यासाठी तिला भांडारात माझ्याकडेच यावं लागलं, सोबत पोरगीही होती. आईच्या पिशवीचा बंद धरून उभी होती. मला म्हणाली, "माझं नाव अजून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे?" मी म्हटलं, आहे बाळा. तर म्हणाली, "ते पुसा."

मला आता काहीच पुसता येत नाही, अण्णा, माझ्याकडे तो अधिकार नाही. मी तिला तसं सांगितलंसुद्धा नाही. नुसती हो म्हणाले. म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोलले त्या घराशी.

दाखल्यावर 'पुढील शाळा' या रकान्यात आईने काही लिहू दिलं नाही. कुठे जाणार ते कोणालाच सांगितलं नाही. मला तर नाहीच.

तुझं पत्र आलं की बरं वाटतं. लवकर लिही.

बेबी


७ जानेवारी

प्रिय बेबी,

सोबत दोन पत्रांच्या नकला जोडल्या आहेत. एक तुझ्या मुख्याध्यापिकाबाईंना, एक कंपनीला. मूळ पत्रं आज टपालात टाकली. ती आधी वाच म्हणजे हे वाचायला सोपं जाईल. किंवा अवघड, मला सांगता येत नाही.

तुझं बोट चुकलं नव्हतं. शेजारी दुसरं बटण नव्हतंच. तू 'खाते काढा' हेच दाबलंस. ते बटण खातं उघडण्याचं आहे.

मला आलेल्या यादीत त्या जागी नवीन खातं सुरू करण्याचा शब्द होता. आधीच्याने लिहिलं होतं 'खाते निर्माण करा'. मी हसलो. म्हटलं, बँकेत जाऊन खातं कोणी निर्माण करतं का? आपण म्हणतो, पोराच्या नावाने बँकेत खातं काढलं. म्हणून मी लिहिलं 'खाते काढा'. नाव काढलं, दात काढला, भिंतीवरचा खिळा काढला, हेही आपण त्याच शब्दात बोलतो, ते माझ्या मनात आलं नाही. ज्यांचं खातं नसतं त्यांच्याच नावासमोर ते बटण येतं. त्या बापाचं खातं कधी नव्हतंच. तू काही न करता उठली असतीस तरी त्याला काही दिसलं नसतं. माझ्या शब्दाने ते उघडलं.

चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लिहीत आलो, 'वाक्याचे दोन अर्थ होतात, अर्धा गुण वजा'.

आता यापुढचं. तुझं पहिलं पत्र वाचताना मी त्या ओळीपाशी अडखळलो होतो. वाटलं, बेबी लिहिताना गडबडली असेल. तरी ता. क. म्हणून लिहिलं, 'ते काढा म्हणजे उघडा असं मी योजलं होतं. एकदा बघून घे.' मग ते वाचलं आणि वाटलं, इतकं कौतुक करून घेतल्यावर खाली आपल्याच शब्दाचा खुलासा द्यायचा, शोभत नाही. म्हणून खोडलं. लोकर वगैरे काही नव्हतं. ती ओळ ठेवली असती तर तुला दोन आठवडे मिळाले असते, ते खातं बंद करायला.

ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा मला शंका उरली नव्हती. सगळं ठाऊक असून मी तुला डोळे तपासायला सांगितलं. तू खरंच तपासलेस. लोकांना सांगत फिरलीस की मी ओळखलं. ते वाचलं त्या दिवसापासून मी आरशात बघून दाढी करत नाही, नुसत्या हाताने चाचपून करतो.

का केलं म्हणशील तर मोठं कारण नाही. भीती वाटली. निवृत्त माणसाला कोणी विचारत नाही, बेबी. त्या साडेअकराशे शब्दांनी मला पुन्हा कोणीतरी केलं होतं. वाटलं, मुलगी सापडली की सगळं निवेल. मग मुलगी सापडली, आणि 'ते पुसा' असं तू लिहिलंस. त्या पोरीने दोन शब्दांत सांगितलं आणि कोणाचाही गैरसमज झाला नाही.

तरीही आणखी सात आठवडे मी गप्प राहिलो. काल वहिनीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि देवापाशी ठेवलेली साहेबाची चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाली, आधी पत्रं टाकून या, मग जेवायला वाढते.

क्षमा मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

अण्णा


२ फेब्रुवारी

अण्णा यांस,

तुमचं पत्र आणि नकला मिळाल्या. बाईंनी तुमचं पत्र सगळ्या शिक्षकांसमोर वाचलं. चौकशी बंद झाली. मला माझं टेबल परत मिळालं. चित्रकलेचे सर पहिल्यांदा माझ्यासाठी चहा घेऊन आले. लोक म्हणतात, सुटलीस. मी त्यांना हो म्हणते.

त्या आईला हे सांगायला हवं होतं, की मी तिला फसवलं नव्हतं. पण तिचा पत्ता माझ्याकडे नाही. नाही हेच बरं.

शब्द चुकला, त्याबद्दल मी तुम्हाला काही बोलणार नाही. चूक माणसाच्या हातून होते. माझ्या हातून झाली असं मी तीन महिने मानत होते, तेव्हा मलाही लोकांनी सांभाळून घ्यावं असंच वाटायचं. तो शब्द मीसुद्धा वाचला आणि मला दुसरा अर्थ सुचला नाही. शेवटी एकाच घरातले आपण.

मला राग आहे तो तुमच्या गप्प राहण्याचा. आणि माझ्यासाठी नाही. मी तुमची आहे, मी गिळलं असतं.

तुमचं पत्र गेल्यावर कंपनीने सगळ्या शाळांच्या नोंदी तपासल्या. चार ठिकाणी ते बटण आमच्यासारखं उलट्या अर्थाने दाबलं गेलं होतं. तीन ठिकाणी वेळीच लक्षात आलं किंवा काही घडलं नाही. चौथ्या शाळेत आमच्या बाईंची मैत्रीण शिकवते, म्हणून मला कळलं. तिथे दोन बहिणी मावशीकडे राहतात. सावत्र बापाला काही कळू नये म्हणून मावशीने शाळेत सांगितलं. तिथल्या लिपिकेने माझ्यासारखंच केलं. तो घरापर्यंत गेला. धाकटी घाबरून पळाली ती जिन्यावरून पडली. हात दोन ठिकाणी मोडलाय.

ते बटण दाबलं गेलं ३ डिसेंबरला.

मला डोळे तपासायला सांगितलंत ते पत्र १९ ऑक्टोबरचं आहे. मी दोन्ही तारखा कॅलेंडरवर बोट ठेवून मोजल्या, पंचेचाळीस दिवस येतात. त्या दिवसांत तुम्ही कंपनीला एक ओळ लिहिली असतीत तर त्या पोरीचा हात शाबूत राहिला असता.

ती लिपिका वर्षभरापूर्वीच लागलेली मुलगी आहे. तिला काढून टाकलं. तिला अजून वाटतंय की तिचंच बोट चुकलं. तिने घराबाहेर पडणं सोडलंय असं बाईंची मैत्रीण म्हणाली. कंपनीने गुपचूप शब्द बदलला, आता तिथे 'नवीन खाते उघडा' असं येतं. पण शाळांच्या प्रमुखांपलीकडे कोणाला काही कळवलं नाही. शाळाही कळवणार नाही, तिला परत घ्यावं लागेल म्हणून. त्या मुलीला हे सांगणारं जगात कोणी नाही.

ते तुम्हीच सांगायचं, म्हणजे तिच्या घरचा पत्ता तुम्हाला लागेल. मी बाईंच्या मैत्रिणीकडे मागितला नाही. पत्ते असे मागायचे नसतात, हे मी शिकले. त्या मुलीलाच विचारायला सांगितलं, की एका माणसाला तुम्हाला पत्र लिहायचंय, चालेल का. ती हो म्हणाली. तिने स्वतः पत्ता लिहून दिलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मला सध्या पत्र पाठवू नका. मी वाचेन, आणि मला तुमची दया येईल. ती इतक्यात यायला नको.

वहिनींना नमस्कार.

बेबी


८ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी निवृत्त शिक्षक आहे. तुमच्या शाळेच्या प्रणालीतले मराठी शब्द मी लिहिले.

३ डिसेंबरला तुमच्या पडद्यावर 'खाते काढा' असं बटण होतं. ते वाचून तुम्हाला वाटलं, की याने खातं नाहीसं होईल. तुम्ही बरोबर वाचलंत. कोणीही मराठी माणसाने तसंच वाचलं असतं. बटण मात्र खातं उघडण्याचं होतं, आणि त्यावरचा शब्द माझा होता. तुमचं बोट, तुमचे डोळे, तुमचं लक्ष, यांपैकी काहीही चुकलं नाही.

हे इथेच थांबवलं असतं तर तुम्ही कदाचित मला एक भला म्हातारा समजला असता. म्हणून पुढचं लिहितो. तुम्ही ते बटण दाबण्याच्या सहा आठवडे आधी मला हे कळलं होतं. दुसऱ्या एका शाळेत एक मुलगी याच शब्दामुळे पळवली गेली होती. तिथल्या लिपिकेने मला पत्र लिहून विचारलं, हे कसं झालं असेल. ती माझी बहीण आहे. मी तिला उत्तर दिलं नाही आणि कोणालाही कळवलं नाही. माझी अब्रू जाईल म्हणून. माझ्या गप्प राहण्याने तुमची नोकरी गेली आणि त्या धाकट्या मुलीचा हात मोडला.

हे पत्र तुमच्या शाळेला दाखवा, वकिलाला दाखवा, वर्तमानपत्राला द्या. शाळेने विचारलं तर मी स्वतः येऊन सांगेन. मला ऐकू कमी येतं, तेव्हा प्रश्न लिहून द्यावे लागतील, पण उत्तरं मी तोंडी आणि सगळ्यांसमोर देईन.

त्या दोन मुलींची मावशीही विचारत असेल, हे कोणी केलं. खाली माझं पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि मी घरी असतो त्या वेळा लिहिल्या आहेत. ते सगळं तिला द्या.